सासूबाईंचा होकार

प्रयोगशाळेत सगळे तिला दशांशबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. ती रागावत नसे. चहात साखर किती घालू असं कुणी विचारलं, तर बाई आधी चमचा किती मोठा आहे ते बघायची, मग विचार करायची, आणि तोवर चहा निवून जायचा. पाण्यातले धातू मोजण्यात तिची हयात गेली होती. शिसं किती, तांबं किती, आर्सेनिक किती, सगळं ती सांगायची आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘अधिक-उणे’ काय ते जोडायची. अधिक-उणे न जोडता तिने आयुष्यात एकच होकार दिला असेल, तो लग्नाला, आणि त्याबद्दलही तिच्या नवऱ्याला शंका होती.

मध्यंतरी वरून फर्मान निघालं की पाण्यात क्रोमियम एकूण किती एवढं सांगून भागणार नाही, ते कुठल्या रूपात आहे तेही सांगा. क्रोमियम पाण्यात दोन रूपांत सापडतं. प्रयोगशाळेत एकाला तीनवालं म्हणत, दुसऱ्याला सहावालं. तीनवालं थोडंफार पोटात गेलं तरी सहसा कुणाचं काही बिघडत नाही. सहावालं विष. धातू तोच, पण एक घरचा शहाणा मुलगा आणि दुसरा गावगुंड, आणि आजवरची सगळी मशिनं दोघांना एकाच पारड्यात बसवून वजन सांगत होती.

मग दोघांना वेगळं करणारं नवं मशीन आलं, आणि मशीन खरं बोलतंय की थापा मारतंय हे कळावं म्हणून त्याच्यासोबत एक छोटी तपकिरी बाटली आली. तिच्यातल्या पाण्यात सहावालं नेमकं किती, हे कितीतरी प्रयोगशाळांनी मिळून मोजलं होतं आणि सही-शिक्क्यानिशी छापून दिलं होतं. रोज सकाळी त्यातले थेंब काचेच्या भांड्यात, स्वच्छ पाण्यात घालायचे आणि मशीनला द्यायचे. आकडा छापल्याबरहुकूम आला तर दिवसाचं काम सुरू, नाही आला तर सगळं बंद. त्या बाटलीला फ्रीजमध्ये स्वतःचा कप्पा होता, स्वतःचं कुलूप होतं, आणि तिच्या मर्जीशिवाय घरात पान हलत नव्हतं. तिचं नाव सासूबाई पडलं नसतं तरच नवल. साहेब सकाळी आल्या आल्या विचारायचे, “काय, सासूबाई हो म्हणाल्या का?” आणि बाई म्हणायची, “म्हणाल्या.” सासूबाई कधीच नाही म्हणाल्या नव्हत्या. बाईला त्याचा अभिमान होता.

दशांशबाईला एक धाकटी बहीण. स्वभावाने दोघी दोन टोकांच्या. बाई शंभरदा मोजल्याशिवाय तोंड उघडायची नाही आणि धाकटी आधी बोलून मोकळी व्हायची, मग कशाबद्दल बोललो ते बघायची. धाकटीचं घर नळांना चकाकी चढवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. नवरा त्याच कारखान्यात, निम्मी गल्ली त्याच कारखान्यात. गल्लीला पाणी एका जुन्या विहिरीचं. विहिरीवर मोठं झाड, त्याची पानं वर्षभर पाण्यात पडून कुजायची, त्यामुळे नळाला येणारं पाणी बारा महिने फिक्या चहाच्या रंगाचं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

धाकटीच्या हातांना भेगा पडायला लागल्या, मग फोड यायला लागले. डॉक्टर म्हणाले साबण बदला. तिने साबण बदलला, मग डॉक्टर बदलला, मग दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा साबण बदलायला सांगितला. पुढे तिच्या मुलीच्या बोटांवरही तसेच चट्टे उठले तेव्हा तिचं टाळकं फिरलं. पाण्यात कारखान्याचं काहीतरी उतरतंय, असं तिने गल्लीभर सांगून टाकलं. मोठ्या रस्त्यापलीकडच्या नळावरून ती प्यायचं पाणी वाहून आणायला लागली. शेजारणी हसायच्या. कारखान्याचा पगार चालतो, पाणी तेवढं चालत नाही, असे टोमणे जाता-येता कानावर पडायचे. नवऱ्याला कामावर मान खाली घालून वावरावं लागे. शेवटी गल्लीची बैठक भरली आणि धाकटीने सगळ्यांच्या देखत सांगितलं, “माझी ताई तपासेल. ती जे सांगेल ते मी मानीन. मग मला नावं ठेवा.”

असं सगळं ओझं त्या एका पाण्यावर येऊन बसलं, आणि ते पाणी बाईच्या टेबलावर आलं.

प्रयोगशाळेचा माणूस रीतसर गल्लीत गेला, बाटल्या भरून घेऊन आला. बाईने एकूण क्रोमियम मोजलं. भरपूर निघालं.  मग तिने सासूबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, आणि तिने धाकटीचं पाणी नव्या मशीनला दिलं. सहावालं: आढळलं नाही. पुन्हा दिलं. आढळलं नाही. जे काही होतं ते सगळं तीनवालं, घरचा शहाणा मुलगा. बाईने सुटकेचा नि:श्वास टाकला, रिपोर्टवर सही केली, आणि बहिणीचं पाणी शुद्ध निघालं म्हणून त्या दिवशी घरी जाताना मिठाई नेली.

कारखानदाराने त्या रिपोर्टची मोठी प्रत काढून फाटकावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला.

“ताई, तुमचे उपकार झाले बघा. आता हिला जरा समजवा. लोक तोंडावर हसतात हो.”

“सांगते, भाऊजी,” बाई म्हणाली.

पण सांगायच्या आधीच धाकटीचा फोन आला. “ताई, तुझं मशीन खरं बोलतं, मग माझे हात खोटं बोलतात का?”

“अगं, मी असं कुठं म्हणाले?”

“तू नाही म्हणालीस. फाटकावर लिहिलंय तसं.”

बाईला वाईट वाटलं. तिने सांगितलं, “तू इथे ये. तुझ्या डोळ्यांसमोर करून दाखवते. तुझ्या पाण्यात सहावालं असतं तर मशीनला दिसलंच असतं, हे तू स्वतः बघ.” आणि बहिणीची पक्की खात्री पटावी म्हणून तिने आदल्या दिवशीच तयारी केली. धाकटीच्या पाण्याच्या एका बाटलीत तिने सासूबाईंचं पाणी मोजून मिसळलं. विहिरीच्या पाण्यातला गाळ खाली बसायला रात्रभर लागायचा, म्हणून अशी बाटली आदल्या दिवशी तयार करून ठेवायची पद्धतच होती. या पाण्यात मुद्दाम विष घातलंय आणि बघ, मशीनने ते कसं लगेच पकडलं, असं तिला बहिणीला दाखवायचं होतं.

धाकटी आली. दारात तिला पांढरा कोट आणि बुटांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळाल्या.

“हे काय, माझं ऑपरेशन करणार आहेस का?”

“धूळ आत येऊ नये म्हणून गं. बस इथे. कशाला हात लावू नको.”

“हात लावण्यासारखे राहिलेत कुठं,” धाकटी म्हणाली आणि तिने सुती हातमोजे काढून बोटं दाखवली. बाईने ती बघितली आणि लगेच नजर वळवली. मोजता येत नाही अशी कुठलीही गोष्ट बघितली की ती अवघडून जायची.

“ही आमची सासूबाई,” तिने तपकिरी बाटली दाखवली. “आधी हिला विचारायचं, मग बाकीच्यांना.”

“तुझी सासू तुझ्या लग्नाआधीच गेली म्हणून तू बाटलीला सासू म्हणतेस. माझी इतकी गप्प बसत नाही.”

दोघी हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. मग बाईने सासूबाईंचे थेंब स्वच्छ पाण्यात घालून मशीनला दिले. पडद्यावर सपाट रेघ सरकत राहिली, आणि मग तिच्यातून एक टेकडी वर आली. खाली आकडा उमटला. बाईने छापील कागद शेजारी धरला. धाकटीने दोन्ही आकडे बोट ठेवून वाचले. एकसारखे.

“म्हणजे असतं तर अशी टेकडी आली असती?”

“आली असती.”

“आणि माझ्या पाण्यात आली नाही.”

“नाही आली.”

धाकटी बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. तिचा चेहरा उतरला होता. भांडायला आलेलं माणूस भांडण विसरून बसलं की घर ओकंबोकं वाटतं, तसं त्या खोलीला झालं. “मग माझ्या हातांना झालंय तरी काय?” तिने विचारलं, पण ते विचारण्यात जोर नव्हता.

“ते मला मोजता येत नाही गं,” बाई म्हणाली.

धाकटीने हातमोजे चढवले. मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती.

“थांब की. अजून एक बाटली राहिलीय. तुझ्याच पाण्यात मी हे मिसळलंय, ते बघून जा.”

“कशाला आता? हो म्हणाली ना तुझी सासूबाई.” आणि ती पायातल्या पिशव्या काढून, नीट घडी करून ठेवून निघून गेली.

बाईने दुसरी बाटली मशीनला दिली, खरं तर नुसती रीत म्हणून. सपाट रेघ सरकत राहिली. सरकतच राहिली. टेकडी यायची वेळ आली आणि गेली, रेघ आपली सरळच. खाली अक्षरं उमटली: आढळलं नाही.

बाईने चष्मा पुसला. पुन्हा दिली. आढळलं नाही. आता ही काय भानगड? काल स्वतःच्या हाताने घातलेलं विष, मोजून घातलेलं, गेलं कुठं? तिने सासूबाईंना पुन्हा विचारलं. त्या ठणकावून हो म्हणाल्या. बाटली पुन्हा दिली. आढळलं नाही.

खिडकीतून समोरचा बसथांबा दिसत होता. धाकटी तिथे उभी होती, मोज्यातले हात छातीशी धरून. खिडकी उघडून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. बाईने खिडकीच्या कडीला हात घातलाही. पण हाक मारून सांगायचं काय? मला काहीतरी कळत नाहीये, एवढंच? आयुष्यात ते वाक्य तिने कधी कुणाला ऐकवलं नव्हतं. आधी कारण सापडू दे, मग सांगू, असं ती मनाशी म्हणाली. बस आली आणि धाकटी गेली.

कारण काही सापडेना. बाईने त्या बाटलीतलं एकूण क्रोमियम मोजलं, तर ते चोख वाढलेलं होतं, तिने घातलं होतं तेवढंच. म्हणजे घातलेलं आहे, पण नाही. पाहुणा घरात शिरताना सगळ्यांनी पाहिला, घरातली माणसं मोजली तर आकडाही बरोबर, आणि तरी पाहुणा म्हणून कुणी ओळखू येईना, असला प्रकार. सहावाल्याने रातोरात तीनवाल्याचा वेश घेतला होता. पण का? स्वच्छ पाण्यात तर तो मुळीच वेश पालटत नव्हता.

ती साहेबांकडे गेली. साहेब भले गृहस्थ, पण अडचण दिसली की ती आपोआप मिटावी म्हणून वाट बघणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“अहो, मग चांगलंच आहे की! त्या विहिरीचं पाणीच सहावाल्याला तीनवालं करून टाकतंय. पानांचा अर्क उतरलाय ना त्यात. कारखान्यातून काही झिरपलं तरी विहिरीत त्याचं आपोआप औषध होतंय. तुमचा रिपोर्ट उलट दुप्पट बरोबर ठरला.”

बाईला हे पटलं. म्हणजे पटावंसं वाटलं. संध्याकाळपर्यंत ती हलकी झाली, आणि रात्री जेवताना पुन्हा जड झाली. पटलेली गोष्ट घशाखाली का उतरत नाही, तेच तिला समजेना. तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. नवऱ्याने एक घास खाल्ला, पाणी प्यायला आणि विचारलं, “यात अधिक-उणे किती?” ती हसली नाही. 

त्यानंतरचे काही दिवस बाई प्रयोगशाळेत भूत लागल्यासारखी वावरत होती. औषधं शिळी झाली असतील म्हणून तिने नवी काढली. मशीनच्या नळ्या बदलल्या. आपलाच हात चुकला असेल म्हणून थेंब मोजून घालायची पिपेट पुन्हा पुन्हा तपासली. प्रत्येक वेळी सासूबाई हो म्हणायच्या आणि प्रत्येक वेळी विहिरीच्या पाण्यातून त्या गायब व्हायच्या. मधूनच तिला वाटे, धाकटीला फोन करावा. नंबर काढायचा, आणि सांगायला नेमकं काही नाही म्हणून ठेवून द्यायचा. तिकडून धाकटीचाही फोन नव्हता. रुसली असेल, असं बाईने धरलं.

मग एक दिवस बाटल्या धुवून देणाऱ्या धुलाई विभागातला पाइप फुटला आणि सँपलच्या तयार बाटल्या संपल्या. बाईला थांबवेना. तिने विहिरीचं ताजं पाणी मागवलं, ते प्लास्टिकच्या साध्या डब्यात आलं. त्यातलं थोडं तिने सासूबाईंच्याच काचेच्या भांड्यात घेतलं, त्यात सासूबाई मिसळल्या, आणि कपाटात सापडलेल्या एका शेवटच्या तयार बाटलीतही तसंच केलं. दोन्ही शेजारी शेजारी रात्रभर ठेवली.

सकाळी बाटलीतलं पाणी मशीनला दिलं. सपाट रेघ. काचेच्या भांड्यातलं दिलं. टेकडी आली. साधीसुधी नाही, उंच टेकडी. घातलं होतं त्याच्याहूनही मोठी.

बाई खुर्चीवर बसली. विहीर तीच, पाणी तेच, सासूबाई त्याच, हात तोच. एकात विष नाही आणि एकात घातल्यापेक्षा जास्त. साहेबांचं विहिरीतलं औषध कोसळलं, कारण हे काचेतलं पाणीही त्याच विहिरीचं, मग इथे औषध का लागू पडलं नाही?  दोन भांडी नुसती बघत ती बसून राहिली. फरक आहे तो भांड्यांचा, एवढंच तिला समोर दिसत होतं, आणि भांड्यांमध्ये काय फरक असणार? एक काचेचं, एक प्लास्टिकचं. एक तिने स्वतः काढलेलं, एक धुलाई विभागातून आलेलं, झाकणावर हिरवा ठिपका असलेलं.

हिरवा ठिपका.

तो ठिपका तिनेच सुरू केला होता. बाटली धुवून झाली की तिच्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालायचे आणि झाकणावर हिरवा ठिपका लावायचा, म्हणजे बाटली तयार. आम्ल घातलं नाही तर पाण्यातले धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि मोजणी कमी येते. किती नवशिक्यांना तिने यावरून फैलावर घेतलं होतं! धुलाई विभागाच्या भिंतीवर तिच्या अक्षरात पाटी होती: आम्लाशिवाय बाटली बाहेर जाणार नाही. एकूण धातू मोजायला ते अगदी बरोबर होतं. पण रूपं वेगळी मोजायची असतील तर? पानांचा अर्क उतरलेल्या त्या तांबूस पाण्यात आम्ल पडलं की अर्क सहावाल्याच्या मागे लागत होता आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याला तीनवालं करून टाकत होता. विहिरीत नव्हे. बाटलीत. तिच्या बाटलीत.

आणि सासूबाई? त्या कधी असल्या बाटलीत उतरल्याच नव्हत्या. त्या स्वच्छ पाण्यात, स्वच्छ काचेत, रोज सकाळी हो म्हणत होत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना विचारलेला प्रश्नच वेगळा होता. विहिरीच्या पाण्याबद्दल त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. बाईला आधी हसू आलं, आणि मग फाटकावरची आपली सही आठवली.

तरीसुद्धा ती लगेच उठली नाही, हे सांगायला हवं. तिने आणखी एकदा खात्री करून घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः गल्लीत गेली. बिनआम्लाची बाटली पर्समध्ये घालून, चोरासारखी. फाटकावर तिची सही उन्हात पिवळी पडायला लागली होती. विहिरीवरून पाणी काढताना धाकटीच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, आतून भांड्यांचा आवाज येत होता. वर जावं असं बाईच्या मनात आलं. पण अजून आकडा हातात नव्हता. ती आल्या पावली परत फिरली.

दुपारी आकडा हातात आला. सासूबाई न मिसळता, नुसत्या विहिरीच्या पाण्यात, सहावालं. चालतं त्याच्या कितीतरी पट. या खेपेला तिला अधिक-उणे लिहायचंही सुचलं नाही.

साहेबांनी कागद बघितला आणि ते खुर्चीत खाली सरकले. “मग नवं मशीन आल्यापासून आपण जे जे ‘आढळलं नाही’ म्हणून लिहिलं...”

“हो,” बाई म्हणाली.

“त्यात तांबूस पाण्याची सँपलं किती असतील?”

“मोजावं लागेल. पण आधी मला जाऊ द्या.”

धाकटीने दार उघडलं. ती रुसलेली वगैरे मुळीच नव्हती. उलट बहीण दारात बघून तिला आनंदच झाला. “अगं, कळवायचं तरी! ये ना.” घर आवरलेलं होतं. भाची जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. भाऊजी कामावरून आले होते, आणि पूर्वीसारखे दबकून न बसता पाय पसरून बसले होते.

“ताई, तुमची कृपा,” ते म्हणाले. “आता गल्लीत सगळं सुरळीत आहे. हिने मोठं मन दाखवलं.”

“कसलं मन?” बाईने विचारलं.

“मी काय गं,” धाकटी लाजल्यासारखी हसली. “तुझ्याकडून आले ना त्या दिवशी, ती तशीच बैठकीच्या लोकांकडे गेले. म्हटलं, माझं चुकलं. ताईने डोळ्यांसमोर दाखवलं. त्यांच्यासमोर तिथल्याच नळाचा पेला भरून प्यायले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लांबून पाणी आणायचं सोडलं, कंबर मोडायची माझी. हात काय, बरे होतील कधीतरी. डॉक्टर चुकतील, गल्ली चुकेल, पण तू नाही चुकणार, एवढं मला माहीत आहे. उगाच इतके दिवस तुझ्याशी वाकडं घेतलं.”

बाई उभीच होती. तिने बरोबर आणलेला कागद पर्समधून बाहेर काढला नाही. तिने सगळं तोंडानेच सांगायला घेतलं, आणि तिला सांगता येईना. बाटली, आम्ल, हिरवा ठिपका, पानांचा अर्क, सगळं उलटसुलट झालं. भाऊजींना काहीच कळलं नाही, ते एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. धाकटीला मात्र एवढं कळलं की पाण्यात विष आहे आणि पहिल्यापासून होतं.

ती ओरडेल असं बाईला वाटलं. ती ओरडली नाही. तिने आपले हात बघितले, उलटे आणि मग सुलटे.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“आज. आज दुपारी नक्की झालं.”

“नक्की कधी झालं ते नाही विचारलं. कळलं कधी?”

बाईने खोटं बोलायचा विचार केला. खोटं बोलायलाही तिला नेमका आकडा लागायचा, आणि तो सुचेना.

“त्या दिवशीच काहीतरी चुकलंय असं वाटलं होतं,” ती म्हणाली. “दुसरी बाटली लावली तेव्हा. तू खाली बसची वाट बघत उभी होतीस.”

“दिसत होते मी?”

“खिडकीतून.”

भाऊजी उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.  धाकटी मुलीजवळ खाली बसली, तिच्या हातातला रंगाचा खडू हळूच काढून घेतला आणि तिची बोटं आपल्या हातात धरली.

“बाळा, शाळेत पाणी नेतेस ना रोज. किती पितेस गं त्यातलं?”

भाचीने आधी आईकडे, मग मावशीकडे बघितलं. आपल्याला शाबासकी मिळणार आहे असं तिला वाटलं.

“सगळं,” ती म्हणाली. “तूच सांगतेस ना, उरवायचं नाही म्हणून.”